हसण्यावारी नेलं, म्हणून काय झालं?

आपल्याकडचे शास्त्रकार आधी पूर्वपक्ष मांडत, आणि तो इतक्या नेटाने मांडत की चार पानं वाचल्यावर ग्रंथकार नेमका कोणाच्या बाजूचा, असा संभ्रम पडावा. आपल्या मतांवर मित्रांनी टीका केली तर तिला विनोदाने उत्तर द्यावं की नाही, या वादाला तीच जुनी मांडणी बरी. इथला पूर्वपक्ष म्हणजे कोणी हाडामांसाचा माणूस नव्हे. 'तू विषय टाळतोयस' असं म्हणणारा जो एक मित्र प्रत्येक मराठी कट्ट्यावर असतोच, तो हा. तो अरे-तुरे करतो, आणि आपण कबूल करतो त्याहून अधिक वेळा बरोबर असतो.

पूर्वपक्ष: तुझ्या मतावर मी टीका केली. तीन कारणं दिली. तू एक कोटी केलीस, मंडळी हसली, चहा आला आणि विषय बदलला. माझी तीन कारणं गेली कुठे? गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करतात ती वितंडा. तुझा विनोद तिसऱ्या खात्यात जमा होतो. फरक इतकाच की वितंडा करणाऱ्याला निदान बोलण्याचे कष्ट तरी पडतात. तुझं काम दुसऱ्यांच्या हसण्यावर भागतं.

उत्तरपक्ष: आरोप अर्धा मान्य, आणि त्या अर्ध्यात मीच थोडी भर घालतो. कोटी ही वितंडेपेक्षाही वाईट. न्यायशास्त्रात तिची जागा 'छल' या सदरात आहे. तिथलं ठरलेलं उदाहरण असं: कोणी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे. त्याला म्हणायचं असतं, याच्या अंगावर नवं कांबळं आहे. ऐकणारा 'नव'चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, बाकीची आठ कुठे आहेत? मराठी मंडळीत यावर हमखास टाळी पडेल. पण बोलणाऱ्याने जे म्हटलंच नाही ते त्याच्या गळ्यात बांधून मग ते खोडलं, असा निकाल शास्त्रकारांनी देऊन ठेवला आहे आणि तो योग्य आहे. ज्या भाषेने आपल्या लाडक्या लेखकाला कोट्यधीश ही पदवी दिली, त्या भाषेत हे बोलणं जिवावरचं आहे. पण मित्राच्या टीकेला उत्तर म्हणून कोटी बाद. आता उरलेला अर्धा आरोप. कोटी हा विनोदाचा एक तालुका आहे, अख्खा जिल्हा नव्हे. विनोदी उत्तर वितंडा आहे की वाद, हे ओळखण्याची माझी खूण सोपी आहे. हसून झाल्यावर समोरच्याला खोडायला काही उरतं का? उरत असेल तर तुम्ही हसत हसत स्वतःचं एक विधान पुढे ठेवलेलं असतं, म्हणजे तुमची बाजू टीकेला उघडी असते. काहीच उरत नसेल, तर तुझं म्हणणं खरं.

याचा पुरावा मराठीबाहेरून आणतो, कारण मित्रांच्या जाहीर मतभेदाचा इतका लांबलेला आणि इतका लिहून ठेवलेला नमुना दुसरीकडे क्वचित मिळतो. बर्नार्ड शॉ आणि जी. के. चेस्टरटन यांचं एकाही मोठ्या प्रश्नावर जमत नव्हतं. शॉ समाजवादी, शाकाहारी, दारूला न शिवणारा. चेस्टरटन मांसाचा आणि बिअरचा भोक्ता, 1922मध्ये कॅथलिक झालेला, आणि प्रत्येक सामान्य कुटुंबाकडे थोडी का होईना स्वतःची मालमत्ता असावी या मताचा. 1927 साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये दोघांचा वाद झाला. अध्यक्ष हिलेअर बेलॉक, आणि बीबीसीने तो रेडिओवरून ऐकवला. शॉ तेव्हा 71 वर्षांचा, चेस्टरटन 53चा. शॉने मालकीहक्काविषयी छत्रीचा दाखला दिला. ही छत्री माझी असली तरी तिने मी चेस्टरटनच्या डोक्यात फटका मारू शकत नाही. जमीनदाराला मात्र त्याच्या जमिनीबाबत वाटेल ते करण्याची मुभा असते, असा त्याचा रोख होता. चेस्टरटनने उत्तर दिलं ते असं की, शॉसाहेब मला मारत नाहीत ते एक तर त्यांच्या मनाच्या थोरपणामुळे, आणि दुसरं म्हणजे छत्री त्यांची नाही म्हणून नव्हे, तर माझं डोकं त्यांचं नाही म्हणून. सभागृह हसलं असणारच. पण आता त्यातलं हसू वजा करून बघ. माझ्या वस्तूच्या वापराला मर्यादा पडते ती दुसऱ्याच्या मालकीमुळे, म्हणून ती मर्यादा मालकीच्या विरोधात पुरावा होऊ शकत नाही, असं एक सरळ विधान खाली उरतं. आणि गंमत म्हणजे त्या विधानालाही उत्तर आहे. शॉच्या बाजूने म्हणता येतं की छत्री कोपऱ्यात ठेवून देता येते, जमिनीचं तसं नसतं. तिच्यावर कोणीतरी राहत असतं, कसत असतं, त्यामुळे जमिनीचा मालक काहीही करो, ते कोणाच्या तरी डोक्यावर येऊन पडतंच. म्हणजे त्या विनोदाने वाद संपवला नाही, एक पायरी पुढे नेला.

पूर्वपक्ष: उदाहरण सोयीचं निवडलंस. ते दोघेही शब्दांचे पैलवान, एकाच वजनी गटातले. कट्ट्यावर तसं नसतं. तिथे एकाची जीभ चपळ असते आणि दुसऱ्याचा मुद्दा खरा असतो. ज्याला तिथल्या तिथे सुचतं तो जिंकतो. ज्याला रात्री पाठ टेकल्यावर सुचतं तो हरतो. आणि मंडळी हसली की ते हसणं मतदान होऊन बसतं. हजरजबाबीपणाने खरंखोटं कधीपासून ठरायला लागलं?

उत्तरपक्ष: हा तुझा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण यात एक गृहीत दडलेलं आहे: विनोदी उत्तर म्हणजे झटपट उत्तर. तसं मुळीच नाही. या दोघांच्या नावावर एक लठ्ठ आणि दुसरा हडकुळा असण्यावरची जी सवाल-जवाबाची गोष्ट पिढ्यानपिढ्या खपवली जाते, ती झटपट प्रकारातली, आणि तीत दोघांच्या मतांपैकी एकही मत नाही. नुसती अंगकाठी आहे. खरे टोले सावकाश, लिहून हाणलेले होते. चेस्टरटनने 1905च्या 'हेरेटिक्स' या पुस्तकात शॉवर एक प्रकरण लिहिलं. त्याची सुरुवात शॉचा बचाव करण्यापासून होते. हा माणूस लोकांना दचकवायला काहीही उलटसुलट बोलतो, अशी शॉची ख्याती होती; चेस्टरटन म्हणतो, उलट, तो फार सुसंगत आहे, आणि त्याची शक्ती त्या सुसंगतीतच आहे. मग 'मॅन अँड सुपरमॅन'मधल्या अतिमानवाच्या कल्पनेकडे तो वळतो. एका दाईने बाळाला वर्षानुवर्षं कडू अन्न भरवून पाहिलं, ते त्याला मानवेना. अन्न बदलायचं सोडून ती बाळच खिडकीबाहेर फेकते आणि दुसरं बाळ मागते, असं शॉचं झालं आहे असा त्याचा आक्षेप. माणसाला आपलं तत्त्वज्ञान पचत नाही म्हणून शॉ तत्त्वज्ञान बदलत नाही, माणूस बदलून मागतो. हे लिहायला हजरजबाबीपणा लागत नाही. लागतं ते शॉचं नाटक नीट वाचणं, त्यातला युक्तिवाद शेवटपर्यंत समजून घेणं, आणि तो कुठे वाकतो ती जागा शोधणं.

इथेच माझं मूळ म्हणणं आहे. गंभीर उत्तर देताना मित्राचा मुद्दा अर्धवट समजला तरी चालून जातं. चार जड शब्दांखाली ती उणीव झाकता येते. विनोदात ती झाकत नाही. अतिशयोक्ती करायची तर मूळ माप ठाऊक हवं. चुकीच्या मापाची नक्कल केली तर कोणी हसत नाही, आणि ज्याची नक्कल केली तो तर मुळीच नाही. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' या 1925च्या संग्रहाचं हेच मर्म आहे. रविकिरण मंडळाच्या कवींची खोड काढायची तर त्यांची वृत्तं, त्यांची लाडकी विशेषणं, उसासा नेमका कुठे टाकायचा याची त्यांची सवय, हे सगळं आत्मसात करावं लागलं. त्या कवींचं इतकं बारीक वाचन त्यांच्या भक्तांनी तरी केलं असेल का, शंका आहे. त्याच अत्र्यांनी पुढे 'मराठा'च्या अग्रलेखांतून विरोधकांवर शिव्यांचा जो मारा केला त्यालाही लोक खळखळून हसले, पण त्यासाठी विरोधकाचं काही वाचायची गरज नव्हती. नाव माहीत असलं की पुरे. ते हसणं तू मतदान म्हणालास, तर मी हरकत घेणार नाही. त्याउलट, 1908मध्ये शॉने 'द न्यू एज' या साप्ताहिकात चेस्टरटन आणि बेलॉक या जोडगोळीला मिळून एक नाटकातला हत्ती बनवलं होतं, पुढचे पाय एकाचे, मागचे दुसऱ्याचे. वरवर ती थट्टा. आत म्हणणं असं की ही दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची माणसं एका कातड्यात शिरल्यामुळे चेस्टरटनला स्वतःच्या चालीने चालता येत नाही, तो बेलॉकच्या मागे फरपटतो. हे पटो न पटो, यावर वाद घालता येतो. पुढच्याच वर्षी चेस्टरटनने शॉवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या आरंभीच तो असं सुचवतो की बाकीचे एक तर शॉशी सहमत असतात किंवा त्यांना शॉ समजलेला नसतो. शॉ समजूनही असहमत असणारा आपण एकटेच. शॉने त्याचं परीक्षण स्वतः केलं आणि आपण चिथावून लिहायला लावलेल्या साहित्यकृतींत ही सर्वोत्तम, अशा थाटात त्याचं श्रेयही स्वतःच घेतलं.

आता तुझ्या रात्री सुचणाऱ्या मित्राविषयी. त्याच्यासाठी एक जुनी मराठी युक्ती आहे, आणि तिच्यात त्याला हरवावं लागत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'सुदाम्याचे पोहे' लिहायला घेतले. त्यातला सुदामा, त्याचे बंडूनाना आणि पांडूतात्या हे जुन्या चालीरीतींचे शत्रू नाहीत, कट्टर कैवारी आहेत. ते शकुनांची, सणावारांची, रूढींची बाजू इतक्या उत्साहाने घेतात की ती बाजू स्वतःच्याच ओझ्याने खाली बसते. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करत. साक्षीदार जास्त उत्साही झाला की आपल्याच पक्षकाराला बुडवतो, हे त्यांना कोर्टाने शिकवलं असेल. ही युक्ती माणसाने स्वतःच्या मतावर वापरावी. मित्राने टीका केली की त्याच्या टीकेवर विनोद करू नये. ती मान्य करून आपलंच मत तो म्हणतो त्या टोकापर्यंत ओढत न्यावं आणि चारचौघांत बघावं, ते तिथे उभं राहतं का. राहिलं, तर मित्राचं एक कारण गळलं. कोसळलं, तर त्याच्या बाजूचा पुरावा त्याला आयता मिळाला, तोही उत्तर सुचायची वाट न बघता. कट्टा हसला तरी तो मित्राला हसत नाही.

पूर्वपक्ष: ठीक. मग आता मीच मराठी उदाहरण देतो, तुला गैरसोयीचं. टिळक आणि आगरकर. मित्र. 1882मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. आगरकरांनी त्या 101 दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते हसतखेळत. विनोदाचा तुटवडा दोघांकडेही नव्हता. आगरकरांच्या उपरोधाला तर धार होती. तरी पुढे मैत्री फाटली आणि 'केसरी' व 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडले. तुझं औषध तिथे का लागू पडलं नाही?

उत्तरपक्ष: कारण तिथे दुखणं वेगळं होतं, किंबहुना दोन दुखणी होती. डोंगरीत दोघांच्या चर्चा इतक्या चढ्या आवाजात चालत की पहारेकऱ्यांना येऊन दटावावं लागे. म्हणजे मतभेद तेव्हाही होते, आणि त्या कोठडीत ते खुशाल नांदत होते. त्यानंतर 1884मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली, 1885मध्ये फर्ग्युसन कॉलेज आलं. आजीव सभासदांनी किती पगार घ्यावा, बाहेरची मिळकत करावी की करू नये, संस्थेचं पत्र कोणाच्या मतांनी चालावं, असे प्रश्न आले. 1887मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. 1890मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. समाजसुधारणा आधी की राज्य आधी हा मतभेद मोठा होताच, पण त्याच्या पोटात सामायिक संसाराची वाटणीही होती. मतावर विनोद चालतो, व्यवहारावर नाही. पगाराच्या ठरावाला सुदाम्याच्या थाटात पाठिंबा देऊन तो खाली बसत नाही. तो मंजूर होतो. शॉ आणि चेस्टरटन यांच्यात वाटून घ्यायला काहीच नव्हतं, ना संस्था ना पत्र, हे त्यांच्या मैत्रीचं एक रोखठोक कारण आहे आणि चरित्रकारांनी ते जरा जास्त ठळक करायला हरकत नव्हती.

दुसरं दुखणं अधिक खोल. आगरकर केशवपनावर, बालविवाहावर लिहीत होते, तेव्हा त्या मतांची किंमत वाद घालणारे दोघे मोजत नव्हते. जी मोजत होती ती बाई त्या चर्चेत हजरच नव्हती. अशा वेळी दोन मित्रांनी एकमेकांत हसून मोकळं होणं स्वस्तातलं असतं. तू म्हणशील, म्हणजे तिथे विनोद बंद. तसंही नाही, आगरकरांनी स्वतः तिथे उपरोध वापरला आणि भरपूर वापरला. पण तो रूढीवर आणि ती जपणाऱ्यांच्या युक्तिवादावर होता, विधवेवर नव्हता. त्याउलट पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. काढणाऱ्यांच्या लेखी तो विनोदच होता, आणि रस्त्यावर लोक हसलेही असतील. त्या यात्रेला माझी खूण लावून बघ. हसू वजा केलं की खोडायला काय उरतं? बालविवाह चांगला, असंसुद्धा एखादं विधान नाही. फक्त एवढंच उरतं की हा माणूस नसता तर बरं झालं असतं. याहून शुद्ध वितंडा गौतमालाही सापडली नसती. आणि ज्याला लागलं आहे त्यानेच वर खेळकर असावं, अशी अपेक्षा कोणी करू नये. अन्याय सोसणाऱ्याला 'जरा हसून घे' म्हणणारा मित्र टीकाकारापेक्षा वाईट.

पूर्वपक्ष: म्हणजे व्यवहार वगळला, अन्याय वगळला. राहिलं काय? कांदेपोह्यांत बटाटा घालावा की नाही, पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी. एवढ्यासाठी न्यायसूत्रं काढलीस?

उत्तरपक्ष: पुरणपोळीच्या प्रश्नावर मैत्र्या तुटताना पाहिलेल्या समाजाने तो प्रश्न किरकोळ म्हणू नये. पण नाही, राहिलं ते तेवढंच नाही. विषय किती मोठा हे मी गाळणीला लावतच नाही. त्या मताचा भुर्दंड कोणाला पडतो, एवढंच बघतो. खाजगी मालमत्ता, धर्म, माणसाचं भवितव्य, यांवर ते दोघे तीसेक वर्षं भांडले. 1914 हे वर्ष तर दोन्ही टोकं दाखवणारं आहे. त्या वर्षी नाटककार जे. एम. बॅरीने एक मूकपट घेतला, त्यात शॉ आणि चेस्टरटन दोघे अमेरिकी गुराख्यांचे कपडे चढवून हुंदडले; एक साठीकडे झुकलेला, दुसरा घोड्याला न पेलणारा. त्याच वर्षाच्या अखेरीला शॉने महायुद्धावर पुस्तिका लिहिली, इंग्लंडच्या सरकारलाही दोष दिला, आणि त्याचे कित्येक स्नेही त्याच्याशी बोलेनासे झाले. चेस्टरटन युद्धाच्या बाजूचा होता. त्याला शॉचं म्हणणं साफ चुकीचं वाटत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. तरी 1927 साली छत्रीवरून भांडायला दोघे एका व्यासपीठावर होतेच. त्यांना एकमेकांना थट्टेने उत्तर द्यायची सवय होती म्हणून हे टिकलं, असं छातीठोक म्हणता येणार नाही. मैत्रीची कारणं इतकी सरळ नसतात. मात्र त्या सवयीने एक काम नक्की केलं. वर्षानुवर्षं समोरच्याच्या मताची तंतोतंत नक्कल करत राहिलेल्या माणसाला, त्या मतामागे दुष्टपणा आहे असं मानणं अवघड जातं. त्याला ती वाट कुठून सुरू होते हे माहीत झालेलं असतं.

पूर्वपक्ष: हे सगळं दोघे जिवंत आणि जोरात असतानाचं. माणूस अडचणीत आला की हे हसरे मित्र कुठे असतात?

उत्तरपक्ष: चेस्टरटन जून 1936मध्ये वारला. शॉने त्याच्या पत्नीला, फ्रान्सिसला, पत्र पाठवलं. गिल्बर्टपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या माणसाने मागे उरावं हा प्रकारच हास्यास्पद आहे, असं म्हणून पुढे लिहिलं की काही ऐहिक अडचण असेल तर पोस्टकार्डावर एक ओळ लिही, किंवा नुसते तीन आकडे लिहिलेस तरी चालेल. दुःखाच्या पत्रातही त्याची खोड सुटली नाही असं कोणी म्हणेल. मला त्यात वेगळं दिसतं. नुकत्याच विधवा झालेल्या बाईला पैसे देऊ करणं हे अवघड काम आहे. जड शब्दांत केलं तर घेणारीला ओशाळं वाटतं. तीन आकड्यांच्या त्या थट्टेमुळे तिला मागणं सोपं झालं आणि नाकारणंही. हसू वजा कर, खाली उरतो तो कोरा चेक.

पूर्वपक्ष: तीन आकडी, आणि तेही पौंडांत. आपल्या कट्ट्यावर चहाचे दोन आकडी रुपये कोणी द्यायचे यावरून अबोले धरलेले आहेत, त्यांचं काय?

उत्तरपक्ष: तो व्यवहार झाला. व्यवहारावर विनोद चालत नाही हे मघाशीच कबूल केलंय. आजचे तू दे.